गंगव्वेच्या उशाशी चार दिवस

मिरजेहून सकाळच्या एस.टी.ने निघालो तेव्हा पिशवीत सोवळ्याची धाबळी आणि संध्येचे पळीपंचपात्र एवढेच होते. मनात मात्र मल्लिनाथाचा फोन घोळत होता. तो माझा पाठशाळेतला सहाध्यायी. तो वीरशैव, मी वैदिक. सात वर्षे आम्ही एकाच चटईवर बसून पाठ घोकले. पुढे तो सोलापुरात चादरींच्या व्यापारात शिरला. "गंगव्वेला पक्षाघात झालाय," तो बायकोबद्दल म्हणाला होता. "दुपारी तिला सांभाळणारी बाई महिनाअखेरीस गावी चालली. सूनबाईनं नोकरी सोडावी हेच बरं. राजीनामा लिहून घेतलाय, पण द्यायला तिचं मन होईना. तू येऊन दोन धर्माच्या गोष्टी सांग."

सांगोल्याला एक बाई चढली. "सरका की आजोबा," म्हणून शेजारी टेकली. घरी कोण, असे विचारताच ती बोलती झाली. "मालक मेंढरं घिऊन लांब गेल्यात. सासू, पोरं, टँकरचं पानी, समदं माज्याकडं. अन् तुमी काय करता?"

"देवाधर्मात असतो."

"लई बरं की! मग सैपाक कोन करतं?"

"सून," मी म्हणालो. ती पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत राहिली.

जुळे सोलापूर या उपनगरात दुसऱ्या मजल्यावर मल्लिनाथाचे घर. मुलगा पुण्याला नोकरीस, शनिवारी येणारा. दुसऱ्या दिवशी पहाटे संध्येसाठी उठलो, तर स्वयंपाकघरात आधीच दिवा होता. राजश्री, म्हणजे सून, भाकऱ्या थापत होती. मग तिने अव्वांचे (सासूबाईंचे) अंग पुसले, त्यांना कुशीवर वळवले, चमच्याने पेज भरवली आणि साडेनऊला डबा घेऊन ती कचेरीत गेली. ती तेथे लिपिक आहे. या सगळ्या वेळात मल्लिनाथ इष्टलिंगाच्या पूजेत होता, त्यानंतर वर्तमानपत्रात. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. दोष कोणाला देणार?

तिसऱ्या दिवशी तो मला शहराच्या पूर्व भागात नरसय्याकडे घेऊन गेला. नरसय्या त्याचा जुना विणकर. माग आता बंद झालेले. उंबऱ्याशी त्याची बायको मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. आत नरसय्या आपल्या वृद्ध आईच्या केसांना तेल लावत होता.

"या शेठ, बसा. हात तेलाचे हायत."

"अरे, घरात बायको असताना तू?" मल्लिनाथ हसला.

बायकोने मान वर केली नाही. "मी उठले तर भिजवलेली पानं सुकतात, शेठ."

"बिडी तिची, अम्मा माझी," नरसय्या म्हणाला. "भांडण नको."

"चहापण हेच करतात. साखर तेवढी लई टाकतात."

चहा खरोखरच गोड होता.

संध्याकाळी गंगव्वेच्या खाटेभोवती आम्ही बसलो. राजश्री हातात फडके घेऊन दाराशी उभी राहिली. "आता सांग, शास्त्रीबुवा," मल्लिनाथ म्हणाला. प्रवासात एक श्लोक मनाशी योजून ठेवला होता. तो ओठांवर येईना. त्याऐवजी पाठशाळेतल्या गुरुजींची शेवटच्या तीन महिन्यांतली खाट डोळ्यांसमोर आली. नदीकाठची ती खोली, ओल्या धोतरांचा वास, फुंकर घालून निववलेली पेज. आम्ही दोघे त्यांना न्हाऊ घालत होतो. त्यांना हाक मारता येई तोवर ते मल्लूलाच हाक मारीत, कारण त्याचा हात हलका होता.

मी तेच सांगितले. मल्लिनाथ खाली मान घालून म्हणाला, "ती गुरुसेवा होती."

"आणि ही?"

खाटेवरून गंगव्वेच्या वाकड्या झालेल्या ओठांतून काही अस्पष्ट शब्द आले. आम्हाला कळले नाहीत. राजश्रीला कळले, आणि तिला हसू आवरेना. "अव्वा म्हणतात, यांच्या हातनं पेज सांडंल."

"सांडू दे," मल्लिनाथ म्हणाला. "पुसायला येतं मला."

चौथ्या दिवशी पहाटे त्याने पूजा लवकर आटोपली. पेज नव्या चादरीवर सांडली. गंगव्वेने उजव्या हाताने त्याच्या कपाळावरचे भस्म पुसल्यासारखे केले. तो राग होता की माया, मला सांगता येणार नाही. दुसऱ्यांदा मात्र त्याने चमचा अर्धाच भरला.

मला स्थानकावर सोडायला राजश्री स्कूटर घेऊन आली. "घट्ट धरा, काका." उतरल्यावर मी राजीनाम्याचे विचारले.

"फाडला नाही. कपाटात ठेवलाय," ती म्हणाली. "बाई गेल्यावर अप्पांचं हे पेज भरवणं किती दिवस टिकतंय, बघू की." आणि वाकून नमस्कार करून ती घाईने कचेरीकडे वळली.

गाडी मंगळवेढ्यापुढे आली तेव्हा ऊन चढले होते. माझ्या दिवंगत पत्नीने माझ्या आईची नऊ वर्षे शुश्रूषा केली. मी पूजेला बसे तेव्हा पाणी भरलेले, फुले खुडलेली, आईचे अंथरूण बदललेले असे. त्यासाठी ती किती वाजता उठत होती, हे मी तिला कधीही विचारले नाही. आता ते सांगू शकेल असे घरात कोणी उरलेले नाही.