थेंबकाकांची शपथ

पेशाने नळवाले, म्हणून सगळी गल्ली त्यांना थेंबकाका म्हणायची. पाहुणे म्हणून कुठेही गेले, की चहा निवेपर्यंत यांचं डोकं मोरीत. म्हणूनच परदेशच्या सहलीची तिकिटं हातात पडल्या पडल्या काकूंनी शपथ घातली.

"एकाही नळाला हात लावायचा नाही. लावलात, तर डोंगरावरच्या आगगाडीत मी एकटी बसेन."

त्या गाडीचं चित्र काकूंनी कॅलेंडरातून कापून स्वयंपाकघरात लावलं होतं, गळक्या नळाच्या बरोबर वर. तो नळ दुरुस्त करायला काकांना वर्षभर सवड झाली नव्हती.

देश काकांना फारच आवडला. बस आवाज न करता यायची. छपराछपरावर सौरपट्ट्या. कचऱ्याचे डबे तर इतक्या प्रकारचे, की केळ्याचं साल हातात धरून काका चौकात विचार करत उभे राहायचे. "निसर्गाला जपावं ते यांनीच," असं ते काकूंना येता जाता ऐकवायचे.

मग मुक्काम पडला एका बर्फाळ गावात, एका आजीबाईंच्या घरगुती लॉजवर. न्हाणीघरात नळाखाली बादली आणि नळाला बारीक धार चालू. काकांचा सगळा आदर त्या धारेबरोबर वाहून गेला. बाहेर एवढा थाट आणि घरात हे?

काकू पांघरुणात शिरल्या. काकांनी उशी कानावर दाबून पाहिली, पण हात शिवशिवत होते. शेवटी मांजराच्या पावलांनी जाऊन त्यांनी नळ घट्ट बंद केला. अख्ख्या सहलीत इतकी गाढ झोप त्यांना लागली नव्हती.

सकाळी नळाला पाण्याचा टिपूस नाही. आजीबाई आल्या, त्यांनी नळाकडे पाहिलं, मग काकांकडे. सहलीच्या गाइडने समजावून सांगितलं, "कडाक्याच्या थंडीत नळ बंद ठेवला की पाइपातलं पाणी गोठतं. म्हणून रात्रभर धार सोडतात. बादली भरली की आजी त्याच पाण्याने लादी पुसतात. वाया काही जात नाही."

उभ्या जन्मात गोठलेला पाइप न पाहिलेल्या काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळ कुणी बंद केला, हे काकूंनी विचारलंसुद्धा नाही. पर्स उचलली आणि गाडी गाठायला निघून गेल्या.

आजीबाईंनी काकांच्या हातात हेअर ड्रायर दिला. पाइपाला ऊब देत काका बसून राहिले आणि मनातल्या मनात त्या देशाची माफी मागत राहिले. दुपारी नळ खोकला, बर्फाचा खडा थुंकला आणि वाहू लागला. आजीबाई खूश झाल्या. काकांनी आपण होऊन बारीक धार सोडली आणि खाली बादली सरकवली.

संध्याकाळी काकू आल्या, गाल लालबुंद, टोपीवर बर्फ. बोगदे, दऱ्या, खिडकीतून दिसलेलं हरीण, किती सांगू नि किती नको असं त्यांना झालं होतं. पलीकडे नळ वाहत होता, पण काकांनी एकदाही मान वळवली नाही.

"माझं चुकलं गं," ते म्हणाले. "मी बरोबर असायला हवं होतं."

"शेजारच्या जागेवर मी पर्स ठेवली होती," काकू म्हणाल्या. "कुणी बसायला आलं, की सांगायचे, आमचे हे येतायत."

घरी परतल्यावर बॅगा दारातच टाकून काका थेट स्वयंपाकघरात गेले. वॉशर बदलायला काही फार वेळ लागला नाही.