घुमीला बोलकं काम

माझ्या धाकट्या बहिणीला लालबागच्या आमच्या चाळीत सगळे घुमी म्हणत, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा असे. हल्लीची मुलं अशा माणसाला अंतर्मुख म्हणतात. कोणत्या स्वभावाच्या माणसाने कोणतं काम करावं याचा एक कागद परवा नातीने मला वाचून दाखवला, तेव्हा मी अर्ध्यातच उठून गॅलरीत गेलो. मला तो ऐकवेना. बहीण अठरा वर्षांची असताना तिला काय जमेल हे मीच ठरवलं होतं.

वडील गेल्यावर आई खाणावळ चालवायची. बारा गिरणी कामगार दोन्ही वेळा आमच्याकडे जेवत. प्रत्येकाची ताटली वेगळी, तिच्यावर त्याचं नाव कोरलेलं, आणि फळीवर तिची जागासुद्धा ठरलेली. बहीण मॅट्रिक झाली होती आणि वाढायचं काम करायची. तोंडातून शब्द नाही, पण ताटली धुवायला घेताना तिच्याकडे जरा जास्त वेळ बघायची. मग आईला हळूच सांगायची, ह्यांना उद्या भात मऊ द्या, ह्यांनी आज मासळीला हात लावला नाही, ताप असेल. ताप असायचाच. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. वाढणाऱ्याला एवढं कळायचंच, असं मी धरून चाललो होतो.

मी स्वतः पक्का बोलका. साचेखात्यात विणकर होतो, पण माझं खरं काम पाळी सुटल्यावर सुरू व्हायचं. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेटसभा, मैदानातल्या सभा, चाळीचाळींतल्या बैठका. कुठेही बोलायला उभं करा, मी तयार. आई म्हणायची, गर्जेल तो पडेल काय आणि बोलेल तो करेल काय. मी हसून सोडून द्यायचो. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, ही म्हण मला जास्त पटायची. बहिणीचं सोनं असंच पडून राहणार, म्हणून तिला बोलकं काम लावायचं, म्हणजे तोंड आपोआप उघडेल, असा माझा बेत होता.

सभांमधून ओळख झालेले एक हेडक्लार्क फोर्टातल्या एका कंपनीत होते. त्यांना गळ घालून मी तिला टेलिफोनच्या बोर्डावर लावून दिलं. कानाला यंत्र, समोर वायरींचं जाळं आणि दिवसभर बोलणं. मॅट्रिक मुलीला याहून चांगलं काय मिळणार? त्याआधी चार-पाच दिवस ती माझ्या टेबलाभोवती घुटमळत होती. एकदा तिने माझ्यापुढे काहीतरी ठेवलं आणि उभी राहिली. मी सभेचे मुद्दे काढत होतो. काय गं, म्हणून विचारलं असेन, पण उत्तराची वाट पाहिली नाही. ती निघून गेली. नोकरीचं सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाली, "बरं."

त्याच्या थोडं आधी एक वाईट गोष्ट घडली होती. आमच्याकडे जेवणाऱ्या बारांतला एकजण माझ्याच वयाचा, मालवणकडचा, मोर्चाला यायला तयार नव्हता. बायको गावाला, तिला दिवस गेलेले, उगाच भानगड नको म्हणत होता. मी त्याला हाताला धरून नेलं. अश्रुधुराच्या पळापळीत तो पडला आणि त्याचा पाय लॉरीच्या चाकाखाली आला. परळच्या इस्पितळात मी त्याला दोनदा भेटलो. एकदा हार घेऊन मंडळींबरोबर, एकदा बहिणीला घेऊन. पुढे सभा वाढल्या. भाषणात मात्र मी त्याला कधी विसरलो नाही. आपला जखमी भाऊ लवकरच पुन्हा आपल्याबरोबर चालेल, असं म्हटलं की टाळ्या पडायच्या.

एके रविवारी दादरला सभेत ते हेडक्लार्क भेटले. त्यांनी विचारलं, बहिणीची तब्येत कशी आहे? तीन आठवडे आली नाही म्हणून काळजी वाटली. ती तर रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडते, संध्याकाळी परत येते. हेडक्लार्कांनी सगळं सांगितलं. नवव्या दिवशी गोदामातल्या एका हमालाच्या बायकोचा फोन आला. मूल आजारी, बाई रडत होती. तिचा फोन तोडणं हिला जमेना. ही ऐकत बसली आणि तिकडे साहेबांचा फोन ताटकळत राहिला. हेडक्लार्क रागावले. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

मग तीन आठवडे ती जाते कुठे? अठरा वर्षांच्या मुलीबद्दल भावाच्या मनात जे येतं तेच माझ्या मनात आलं, आणि ते मी लपवत नाही. रात्रभर मी संतापाने जळत होतो. सकाळी गिरणीत खाडा केला आणि तिच्या मागे लांबून चालू लागलो.

ती परळला गेली. इस्पितळाच्या फाटकातून आत शिरली, जिना चढली, पुरुषांच्या वॉर्डात गेली. मी दारात थांबलो. भिंतीकडच्या एका खाटेशी ती बसली. डबा उघडला आणि पिशवीतून एक ताटली काढली. ती आमचीच ताटली होती. तीन आठवडे आई जी शोधत असल्याचं म्हणत होती ती, त्याचं नाव कोरलेली. खाटेवर तोच होता, मी मोर्चाला ओढून नेलेला. त्याच्या अंगावर घोंगडी होती आणि उजव्या बाजूला गुडघ्याच्या खाली ती सपाट झाली होती.

तो पाय कापला होता आणि मला ठाऊकही नव्हतं. मी गावभर त्याला चालवत होतो.

त्याने मला पाहिलं. मी खाटेपर्यंत गेलो. तो म्हणाला, "येऊ नुको, असा मी म्हणूचंय नाय. पण तू इलंस काय मोर्चाच्ये गोष्टी सांगतलंस, आणि माका माझो पाय आठवतलो." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

बहीण मान खाली घालून भात कालवत होती. तेवढ्यात वॉर्डाची मुख्य परिचारिका आली. वसईकडची, पिकल्या केसांची, कडक बाई. मी भाऊ आहे कळताच तिने मला बाहेर व्हरांड्यात नेलं. मला वाटलं, परक्या मुलीला वॉर्डात बसू दिल्याबद्दल माफी मागते की काय. तिने उलट मलाच झापायला सुरुवात केली. म्हणाली, हा माणूस पाय गेल्यापासून अन्नाला शिवत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता. आमच्या शिकाऊ मुली त्याला धीर द्यायच्या, तो भिंतीकडे तोंड करायचा. ही येऊन गप्प बसली, आणि चौथ्या दिवशी तोच बोलायला लागला. परवा शेजारच्या म्हाताऱ्याने पेज अर्धी टाकली म्हणून ही मला बोलवायला आली. थर्मामीटर लावला तर ताप एकशे तीन.

मग तिने विचारलं, "फॉर्मवर सही का करत नाही तुम्ही?"

मी विचारलं, कसला फॉर्म? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खोटं बोलतोय. नर्सिंगच्या शिक्षणाचा फॉर्म. मुलगी तुमच्याबरोबर आली होती, त्याच दिवशी मी दिला. दादाकडे सहीला ठेवलाय, असं म्हणते रोज. शनिवार शेवटचा दिवस आहे.

घरी आलो तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मी सगळं भडाभडा सांगितलं. तिने मान वर केली नाही. मीच दोन माणसांचा डबा भरत होते ना रोज, म्हणाली. आता माझा आवाज चढला. मग मला का सांगितलं नाहीस?

"तुका सांगूचा कधी रे?" आई म्हणाली. "तू सदानकदा बोलतच असतंस."

मी माझी पेटी उपसली. भाषणांच्या चिठ्ठ्या, पत्रकं, कात्रणं. तळाशी एक जाड कागद घडी घातलेला सापडला. वर माझे मुद्दे, एक ते सात. चौथा मुद्दा होता, जखमी बांधवाचा त्याग. मी कागद उलटला. बहिणीचं टपोरं अक्षर होतं. नाव, वय, शिक्षण, सगळं भरलेलं. हे काम का करावंसं वाटतं, या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं, "मला माणसांकडे लक्ष द्यायला आवडतं. दुसरं फारसं काही येत नाही." तळाची एकच ओळ कोरी होती, पालकाच्या सहीची. ती तेव्हा टेबलापाशी याच्यासाठी उभी होती. आणि मी तिचं आयुष्य उपडं घालून त्याच्या पाठीवर भाषण लिहिलं होतं, ते खिशात घालून मैदानावर नेलं होतं, त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. मला स्वतःची शिसारी आली. आईसमोर मी रडलो, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

संध्याकाळी ती आली. मी सही करून कागद तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, मागे माझी घाण आहे, नवा फॉर्म आणू, मी स्वतः जाऊन आणतो, हवं तर त्या बाईंची माफी मागतो. मी आणखीही बरंच काही बोललो असणार. तिने कागद घेतला, सही पाहिली, नीट घडी घातली.

"राहू दे, दादा," ती म्हणाली. "मागची बाजू तिथे कोणी वाचत नाही."

शनिवारी तिने तोच फॉर्म दिला. माझी पहिली पाळी साडेतीनला सुटली. गेटवर सभा होती, मला हाका मारत होते. मी तसाच परळला गेलो आणि त्याच्या खाटेशी बसलो. तो भिंतीकडे बघत होता. मी काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. अर्धा तास तोंड मिटून बसणं मला साच्यावरच्या आठ तासांहून जड गेलं.