रोज एक जुलै

कोकिळा ताकसांडे कामावर यायची ती सिंदी रेल्वे ह्या गावाहून, सकाळच्या पॅसेंजरनं. वर्ध्याच्या एका कॉलेजात, मातीचे नमुने तपासतात त्या विभागाच्या संगणक खोलीत ती परिचर होती. आली की खोली झाडायची, टेबलं पुसायची, सहा मशीनं चालू करायची आणि सहाही मशीनांत एक जुलै दोन हजार तीन ही तारीख टाकायची. हसू नका. विभागाचे प्रभाकरराव सर, त्यांनी आकडेमोडीचा एक महागडा प्रोग्राम तीस दिवस फुकट वापरून पाहायला म्हणून आणला होता, आणि ते तीस दिवस संपू नयेत ह्याला दुसरा इलाज नव्हता. पोरं बिचारी आपले आकडे घेऊन कुठं जाणार? म्हणून त्या खोलीत पाच वर्षं रोज एक जुलैच उजाडत होता.

ह्याच खोलीत कोकिळेनं आणखी एक काम अंगावर घेतलं होतं. मातीचे आकडे मांडायचा एक मोफत प्रोग्राम काही लोक निव्वळ हौसेनं घडवत होते, कोणी ह्या देशात, कोणी त्या देशात. विंडोजवर तो बसवायची फाइल पुण्याची माधवी तयार करायची. ती एकदा कॉलेजात व्याख्यानाला आली, ही खटारा मशीनं पाहिली आणि चक्क खूश झाली. इतकी जुनी मशीनं त्यांच्यापैकी कोणाकडंच नव्हती. "आमच्या फाइली इथं तपासून मिळतील का?" तिनं विचारलं. सरांनी कोकिळेकडं बोट दाखवलं. "ते हिले सांगा. हिचंच ऐकतात मशीनी."

बाई दहावी शिकलेली, पण नजर मोठी चोख. फाइल बसवायची, प्रोग्राम उघडायचा, आलेख काढून पाहायचा, मग सगळं काढून टाकायचं आणि पाहुणे गेल्यावर घर पाहतात तसं मागं काय राहिलं ते शोधायचं. मग माधवीला इंग्रजीत पाच ओळी. स्पेलिंगचा आनंदच होता, पण ओळ एक खोटी नसायची. कॉलेजात कोकिळेचं मत कोण विचारतं? माधवी मात्र फाइल लोकांसाठी खुली करायच्या आधी तिला फोन करायची, तिच्या होकारासाठी थांबायची. ह्याचं तिला किती सुख होतं ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

दोन हजार आठच्या ऑगस्टात माधवीनं पहिल्यांदाच सही केलेली फाइल पाठवली. सही म्हणजे पेनची नव्हे. फाइल ह्याच लोकांची आहे, वाटेत कोणी तिच्यात हात घातलेला नाही, ह्याची खूण. मशीन ती तपासतं आणि सहीवाल्याचं नाव दाखवतं. कोकिळेच्या सहाही मशीनांनी सांगितलं, सही ग्राह्य नाही.

माधवीनं पुन्हा सही केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. बाकी सगळ्यांकडं ठीक, अडलं ते वर्ध्यात. "कोकिळाताई, पक्कं ना? मशीनमध्ये काही बदल तर केला नाही?" माधवीनं फोनवर विचारलं.

"नाई व ताई. काहीच नाई केला," कोकिळा म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या लोकांच्या सगळ्यांना जाणाऱ्या ई-मेलात एकानं लिहिलं की वर्ध्याच्या तपासणीवर ह्यापुढं विसंबू नये. कोकिळेनं ती ओळ तीनदा वाचली. अर्थ लागला तेव्हा ती जेवत होती. डबा तिनं तसाच बंद केला आणि पुन्हा मशीनसमोर बसली. त्या सहीचा सगळा तपशील उघडला. सही अमक्या तारखेपासून चालेल, असं तिथं लिहिलं होतं, बारा ऑगस्ट दोन हजार आठ. आणि पडद्याच्या कोपऱ्यात होता एक जुलै दोन हजार तीन.

अगं बाई! ज्या सहीचा अजून जन्मच व्हायचा, ती मशीन मानेल कशी? पाच वर्षं रोज सकाळी ती तारीख मागं नेत होती आणि ते तिच्या हिशेबी बदल करणं नव्हतंच, ते झाडू मारण्यातलंच एक काम होतं.

ती तडक सरांकडं गेली. सर महिनाअखेर निवृत्त होणार होते. एवढे शिस्तीचे सर, जाता जाता त्यांचं नाव खराब व्हावं हे तिला नको होतं.

"मी गुपचूप तारीख बदलवतो सर, अन् आता जमलं म्हणून लिहून देतो."

"अन् कारण काय लिहिशीन?"

"नाई लिहत कारण."

"मंग ते पोरगी वर्षभर कारणच शोधत राहीन," सर चिडले. "पोरायले मी काय सांगतो? आकडा चुकला तं खोडायचा नाई. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पायजे. लिही. तारीख मागं न्यायले मीच सांगतलं होतं, मायं नाव टाक."

तिनं लिहिलं. सही बरोबर आहे, चूक आमच्या तारखेची. मी 'नाही' म्हणाले ते खोटं निघालं. खाली सरांनी स्वतः आपलं नाव टाकलं. मग तिनं सहाही मशीनांची तारीख पुढं आणली, आणि तो महागडा प्रोग्राम सहाही ठिकाणी मुदत संपली म्हणून बंद पडला. सर म्हणाले, "जाऊ दे. आता पोरं हा फुकटचाच वापरतीन."

दोन दिवस माधवीचं काही उत्तर नाही. कोकिळेनं मनाशी धरलं की संपलं आपलं. एकदा खोट्या ठरलेल्या माणसाला कोण विचारतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. आधी आपल्या संगणकाची तारीख पाहा, अशी एक सूचना माधवीनं फाइलीत घातली होती. त्यामुळं फाइल नवी, सहीही नवी. कोकिळेनं फोन कानाशी धरूनच ती उघडली. सहीवाल्याचं नाव आलं. एकेक करत सहाही मशीनांवर आलं.

"आलं ताई. साही मशीनीवर आलं."

आता ती पक्कं ना म्हणून विचारेल, ह्या धास्तीनं कोकिळेनं सहाही पडदे पुन्हा पाहून घेतले.

"बरं ताई," माधवी म्हणाली, "मग करते खुली." आणि तिनं फोन ठेवला.

कोकिळेनं फोन खाली ठेवला. डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.