अर्ध्या अध्यायावरून उठलो तेव्हा

देव ऐकतो का, या प्रश्नाला मी आयुष्यभर ‘माहीत नाही’ हेच उत्तर दिले आणि ते प्रामाणिक होते. मुलुंडच्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवत असे. रक्ताभिसरणाचा पाठ आला की फळ्यावर हृदयाची मोठी आकृती काढायची, शुद्ध रक्त लाल खडूने आणि अशुद्ध रक्त निळ्या खडूने दाखवायचे, हा माझा आवडता तास. मुठीएवढे हे स्नायूंचे यंत्र कुणाच्याही आज्ञेवाचून चालते, असे मी सांगे. एखादी मुलगी विचारी, “मग चालवतं कोण, सर?” मी म्हणे, “हा प्रश्न परीक्षेत येत नाही.” वर्ग हसे आणि आम्ही पुढे जात असू. निवृत्तीनंतरही तो प्रश्न मी तसाच बाजूला ठेवून दिला होता.

मागल्या वर्षी माझी पत्नी सुधा हिची बायपास शस्त्रक्रिया झाली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या होत्या. पायातली एक शीर काढून तिचा नवा मार्ग हृदयावर जोडायचा, असे ठरले. शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर मी बसलो होतो आणि आत काय चालले असेल ते मला पायरीपायरीने ठाऊक होते. ठाऊक असल्याने धीर येतो, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो. त्या दिवशी उलटेच झाले. हृदय काही काळ थांबवतात, तेवढा वेळ एक यंत्र शरीरभर रक्त फिरवते आणि मग हृदय पुन्हा सुरू करतात. ‘पुन्हा सुरू करतात’ हे शब्द मी कितीदा सहज उच्चारले होते! आता त्यांचा भरवसा वाटेना. तेव्हा मी मनातल्या मनात संकल्प सोडला: हिचे हृदय पुन्हा चालू दे, मी पोथीचे सप्ताह पारायण करीन, एकही नियम मोडणार नाही.

सुधा बरी झाली. भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकी, मला तीनतीनदा एकच सूचना देण्याइतकी छान बरी झाली. दसऱ्यानंतर मी पारायणाला बसलो. वडिलांच्या नित्य वाचनातली पोथी, तिच्यासाठी पाट, समोर समई, खाली दर्भासन. कोणतेही काम नीट आखून करण्याची सवय असल्याने मी नियमही तसेच आखले. पहाटे बसायचे ते त्या दिवसाचे अध्याय संपेपर्यंत मांडी मोडायची नाही. वाचन चालू असताना कुणाशी बोलायचे नाही. अध्याय मध्येच सोडायचा नाही. मध्ये उठावे लागू नये म्हणून पाणी अगदी घोटभर प्यायचे. सप्ताह पुरा होईपर्यंत घराबाहेर पडायचे नाही, म्हणून सकाळचे फिरणेही बंद. दुपारी फक्त उपवासाचा फराळ, मग चटईवर पडून विश्रांती.

सुधा म्हणाली, “अहो, एवढं घट्ट कशाला बसता? देव काय हजेरी घेतोय का?”

मी म्हणालो, “संकल्प तुझ्यासाठी आहे. त्यात कसूर नको.”

आणि खरे सांगायचे तर माझ्या मनात भय होते. जो नवस बोलून हिचे हृदय मागून घेतले, तो अर्धवट राहिला आणि हिला काही झाले तर? विज्ञानाच्या शिक्षकाला हे भय शोभत नाही, हे मला कळत होते. पण कळल्याने ते जात नव्हते.

पारायणाच्या चौथ्या दिवशी डाव्या पोटरीत कळ येऊ लागली. सवय नाही म्हणून पाय आखडला, असे मी धरले. पाचव्या दिवशी पाय सुजून तुकतुकीत झाला, हाताला गरम लागू लागला. नुसते स्नानघरापर्यंत जाऊन आलो तरी दम लागे. तो मी उपवासाच्या खाती टाकला. ऑक्टोबरचा उकाडा होता, अशक्तपणाला तेवढे कारण पुरेसे वाटले. त्या सकाळी अध्यायाच्या मध्यावर कळ इतकी वाढली की मांडी मोडून पाय बाजूला पसरणे भाग पडले. वाचन मात्र मी थांबवले नाही. सुधाने तिळाचे तेल कोमट केले आणि वाटी घेऊन जवळ बसली. “तुम्ही वाचा. मी चांगला रगडून देते,” असे म्हणून तिने बोटे तेलात बुडवली. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

तेलाची वाटी हातात घेऊनच तिने दार उघडले. बाहेर खांद्याला पिशवी अडकवलेली एक तरुणी उभी होती. “आजी उठल्या का?” असे विचारत ती चपला काढू लागली.

“कोण आजी?” सुधा म्हणाली. “या घरात म्हातारी म्हणशील तर मीच आहे, आणि मी पहाटेच उठलेय.”

तरुणीने दारावरची पाटी पाहिली आणि जीभ चावली. “सॉरी काकू! ही ए विंग ना? मला बी विंगला जायचं होतं. मी फिजिओथेरपिस्ट, तन्वी. तिकडच्या आजींना व्यायाम द्यायला येते. फोनवर बोलत बोलत चुकीच्या जिन्याने आले बहुतेक.” ती वळणार, इतक्यात तिची नजर दिवाणखान्यात आली. समोरच मी, माझा पसरलेला पाय आणि सुधाच्या हातातली वाटी.

“काकू, ते तेल कशाला?”

“यांचा पाय आखडलाय. चोळून देतेय.”

“नका! थांबा ना, हात नका लावू!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली की माझे वाचन थांबले. ती आत येऊन माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली. तिने दोन्ही पोटऱ्या एकीशेजारी एक ठेवून नुसत्या पाहिल्या, हाताच्या पाठीने ऊब तपासली. “काका, दम लागतो का?”

मी बोलायचे नव्हते. मी खुणेनेच उपवास, अशक्तपणा असे काहीतरी सांगितले.

“उपवासाने एकच पाय कसा सुजेल, काका? उपवास काय डाव्या पायानेच धरलाय?”

सुधाला त्याही स्थितीत हसू फुटले. मला फुटले नाही. त्या एका वाक्यासरशी माझ्या डोळ्यांपुढे माझाच फळा उभा राहिला होता. हृदय रक्त ढकलते, पण पायांतले रक्त वर परत यायचे तर ते पोटरीच्या स्नायूंनी शिरा दाबून वर चढवावे लागते. शिरांमधल्या झडपा त्याला मागे घसरू देत नाहीत. आपण चालतो तेव्हा हे आपोआप घडते. दिवसचे दिवस पाय मुडपून, पाण्यावाचून, हालचालीवाचून बसले की ते रक्त तुंबते, दाट होते आणि खोल शिरेत त्याची गुठळी धरू शकते. ती पोटरीत आहे तोवर पाय दुखतो. तिचा तुकडा सुटला तर शिरेतून उजव्या कर्णिकेत, तिथून उजव्या जवनिकेत आणि पुढच्या ठोक्याला थेट फुप्फुसात. निळ्या खडूची ती वाट मी किती वर्षे बाणांनी दाखवली होती. आणि रगडल्याने तो तुकडा सुटू शकतो, हेही मला समजायला हवे होते.

“लगेच हॉस्पिटलला जायचंय,” तन्वी म्हणाली. “जिना नाही, चालणं नाही. खुर्चीत बसवून लिफ्टने नेऊ. मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावते.”

तेव्हा मी मौन मोडले, पण कशासाठी? “एवढा अध्याय होऊ द्या. अर्धवट सोडून उठता येत नाही.”

“काका, प्लीज यार!” तिच्या तोंडून निघून गेले आणि तिने लगेच कान पकडले. “सॉरी. पण आता अर्धा तासही नको.”

मी सुधाकडे पाहिले. “हे तुझ्यासाठी चाललंय गं. मध्येच सोडलं आणि तुला काही झालं तर मी काय करू?”

सुधाने वाटी खाली ठेवली. “माझ्यासाठी चाललंय ना? मग मी सांगते, उठा. तुम्ही गेल्यावर ते हृदय घेऊन मी काय करू, काचेच्या कपाटात ठेवू?” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “पुढचं मी वाचते. आपण दोघं काय वेगळी आहोत का?”

तिने पोथीत तुळशीचे पान ठेवले. समईला नमस्कार केला. आणि जी पोथी सप्ताह संपेपर्यंत पाटावरून हलवू नये असे मी तिला बजावले होते, ती तिने धुतलेल्या पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून काखेत धरली. शेजारच्यांना दिव्याकडे पाहायला सांगितले आणि माझ्या खुर्चीमागून निघाली. लिफ्टमध्ये मी डोळे मिटले. आयुष्यात प्रथमच काय करायचे ते मला ठरवायचे नव्हते. इतरांनी उचललेल्या खुर्चीत मी बसलो होतो आणि मनात एकच वाक्य होते: आता तू सांभाळ.

रुग्णालयात पायाची डॉपलर सोनोग्राफी झाली, छातीचा सीटी स्कॅन झाला. पोटरीतून मांडीपर्यंत गुठळी होती आणि तिचे बारीक तुकडे फुप्फुसात पोचले होते. मोठा भाग अजून पायातच होता. मला अतिदक्षता विभागात ठेवले, इंजेक्शने सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, “मालिश झालं नाही, हे फार बरं झालं. वेळेत आलात.” आमचा मुलगा बंगळुरूहून निघाला होता. तोपर्यंत बाहेर सुधा एकटीच असेल, या विचाराने मला झोप येईना.

ती एकटी नव्हती, हे मला नंतर समजले. नातेवाइकांच्या प्रतीक्षागृहात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिने तो अर्धा अध्याय जिथे थांबला होता तिथून पुढे वाचायला घेतला. ना समई, ना आसन, ना सोवळे. तिला पोथी वाचण्याची सवय नाही. ओव्या अडखळत, मोठ्याने, बोट फिरवत वाचते. आधी एक परिचारिका येऊन “आजी, जरा हळू,” असे सांगून गेली. मग भांडुपचे एक गृहस्थ, ज्यांचा भाऊ आत होता, खुर्ची ओढून जवळ येऊन बसले. मग एक गुजराती बाई आल्या. एका तरुण मुलीला मराठी फारसे येत नव्हते, तिची आई आत होती, तीही येऊन बसली आणि म्हणाली, “आंटी, आप पढ़ते रहो, अच्छा लगता है।” दुसऱ्या दिवशी सकाळी सुधाला यायला थोडा उशीर झाला, तर ही मंडळी तिची वाट पाहत होती. सहाव्या दिवसाचे सगळे अध्याय तिथेच झाले. मधूनमधून तिला थांबून पाय मोकळे करावे लागत. तिच्या डॉक्टरांनी तशी ताकीदच दिली होती. ती पोथी मांडीवरून उचलून भांडुपकरांच्या हातात देई, फेरी मारून येई आणि पुढे वाची. माझ्या आखलेल्या नियमांपैकी एकही तिने पाळला नाही. वाचन मात्र एका ओवीनेही चुकले नाही.

सातव्या दिवशी मला साध्या वॉर्डात आणले. श्वास सुधारला होता, ऑक्सिजनची नळी काढली होती. डॉक्टरांनी सकाळीच सांगितले, “आता पडून राहायचं नाही, काका. हळूहळू चालायचं.” दुपारी सुधा खाटेशेजारी बसून शेवटचा अध्याय वाचू लागली. मी परिचारिकेच्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहिलो आणि खाटेपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून खाटेपर्यंत चालू लागलो. खिडकीतून राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या हिरव्यागार दिसत होत्या. माझे पाय चालत होते, तिचा आवाज चालला होता, आणि तो आवाज एवढ्या दमाने काढणारे तिचे हृदयही बिनतक्रार चालले होते. शेवटची ओवी संपली तेव्हा दारात टाळ्या वाजल्या. भांडुपचे गृहस्थ केळी घेऊन आले होते. तोच प्रसाद. त्यांचा भाऊही आदल्या रात्री शुद्धीवर आला होता. परिचारिकेने आधी हात पुढे केला, मग म्हणाली, “प्रसाद आहे म्हणून घेते हां, नाहीतर इथं खायला परवानगी नाही.” मी मोठ्याने हसलो आणि हसताना छातीत कुठेही दुखले नाही.

तन्वी आता आमच्याकडे नेहमी येते, चहा पिते आणि मला व्यायामावरून रागावते. तिला मी एकदा विचारले, की इतके महिने तू बी विंगमध्ये येत होतीस, त्याआधी कधी जिना चुकला होता का? ती म्हणाली, “कधीच नाही, काका. डोळे मिटूनसुद्धा जाईन मी.” एवढेच. याचा अर्थ काय, हे मी कुणाला समजावत बसत नाही. माझ्याजवळ त्याचा पुरावा नाही आणि मला तो आता हवासाही वाटत नाही. मी फक्त हात जोडतो.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र मी रोज आठवतो. मी त्यांना विचारले होते, की ही रक्त पातळ करणारी औषधे गुठळी किती दिवसांत विरघळवतील? ते म्हणाले, “सर, ही औषधं गुठळी विरघळवत नाहीत. ती फक्त वाढू देत नाहीत. विरघळवायचं काम शरीर आपलं आपण करतं. आपण त्याच्या आड यायचं नाही, बस्स.” शरण जाणे म्हणजे आसनावर घट्ट बसून देवाला बांधून ठेवणे, असे मी समजत होतो. माझ्या वाट्याची गोळी वेळेवर घ्यावी, पाणी प्यावे, चालावे आणि बाकीचे ज्याचे काम आहे त्याला करू द्यावे, एवढे आता मला पुरते. गेल्या महिन्याच्या तपासणीत पायातली शीर मोकळी झालेली दिसली. पडद्यावर रक्त वाहताना मी स्वतः पाहिले, निळ्या रंगात, वरच्या दिशेने, संथ आणि न अडखळता. सुधा शेजारी उभी होती. तिने पडद्यालाच नमस्कार केला. मीही केला.