आधी बल्बला विचारायचं

हातातलं काम ठेवा बाजूला, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. आमच्या मजल्यावरच्या आंटी चालू रेडिओच्या आत कधीच दोन हात घालायच्या नाहीत. डावा हात पाठीमागे, कमरेवर. "दोन्ही घातले तर करंट छातीतून जातो," बोलायच्या. "मला अजून जगायचंय, पोरी."

लग्नाआधी त्या रेडिओच्या कारखान्यात होत्या, नंतर शेजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करून द्यायच्या. घरातला त्यांचा जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, लाकडी पेटीचा रेडिओ मात्र कित्येक वर्षं बंद. मुलगा त्यांना एव्हरशाईनला, त्याच्या फ्लॅटवर, कायमचं न्यायला आला आणि बोलला, "मम्मी, हा डबा येणार नाही. घराला आग लावशील."

"रेडिओ नाही, तर मी पण नाही."

"वाजला तर ने. नाहीतर भंगारात."

झालं. अर्धी बिल्डिंग जमली.

इतकी वर्षं बंद असलेला रेडिओ सरळ प्लगात खुपसायचा नाही, हा आंटींचा कायदा. "आधी बल्बला विचारायचं." म्हणजे करंट आधी बल्बमधून, मग रेडिओत. आत शॉर्ट असला तर बल्ब भक्क पेटतो, रेडिओ वाचतो. बल्ब आणायला मी पळाले आणि ऐटीत एलईडी घेऊन आले.

"हा नुसता मिरवणारा," आंटी बोलल्या. "मला तारेचा पाहिजे, पिवळा, करंट अडवणारा."

माणिकपूरचा सगळा बाजार पालथा घातला, नाही मिळाला. शेवटी त्यांच्याच नाताळच्या ताऱ्यातला काढला.

बटण दाबलं. बल्ब भक्क पेटला आणि तसाच राहिला. आंटींनी प्लग खेचला.

"बघितलंस?" मुलगा बोलला.

"काय बघायचं? रेडिओ जळला? घर जळलं? मग गप बस."

आतला एक कंडेन्सर, करंट साठवणारा भाग, गेला होता. आत साठलेला करंट उतरेपर्यंत त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही, आणि नवा कंडेन्सर बसेपर्यंत पॅकिंगवाल्यांना खोलीत पाऊल टाकू दिलं नाही.

दुसऱ्यांदा बल्ब चमकला आणि हळूहळू मंद झाला, म्हणजे आता शॉर्ट नाही. मागच्या काचेच्या नळ्या लालसर झाल्या. खरखर. मग कुणी बाई अर्ध्या वाक्यापासून बातम्या सांगायला लागली. मुलगा खाली बसला, रेडिओला कान लावून.

टेम्पोत पुढच्या सीटवर आंटी, मांडीवर रेडिओ. मुलगा मागे गाद्यांवर. "हॉलमध्येच ठेवणार, टीव्हीच्या जागी," त्या खिडकीतून त्याला सुनावत होत्या.

आता आंटींच्या दाराला कुलूप आहे. मी अजून संध्याकाळी पॅसेजमध्ये जाऊन उभी राहते, आंटी रोज माझ्याशी भांडायच्या तिथे. कुणी भांडतच नाही माझ्याशी.

तुमच्याही मजल्यावरून असं भांडणारं माणूस गेलंय का?