हळूआबांची मोटर

आमच्या आबांनी उभ्या जन्मात कधी आवाज चढवला नाही. हे मी त्यांच्या स्वभावाचं कौतुक म्हणून सांगत नाही. माणूस चांगला भांडखोर होता. पण भांडायचा तेही कुजबुजत. समोरचा ओरडून ओरडून घामाघूम व्हायचा, आणि आबा त्याच्या कानाशी तोंड नेऊन एकच वाक्य असं सोडायचे की त्याला दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही. कुणी मोठ्यानं बोललं की लगेच हाताचा पंजा जमिनीकडे दाबायचे आणि म्हणायचे, "हळू. खाली ऐकत्यात." खाली म्हणजे पाण्यात, आणि ऐकणारे म्हणजे मासे. धरणावर हे ठीक आहे हो! पण वडगावच्या तहसील कचेरीत, एसटीत, लग्नाच्या मांडवातसुद्धा तेच. कचेरीतला कारकून त्यांचं म्हणणं ऐकायला कमरेपर्यंत खिडकीबाहेर यायचा. गाव त्यांना हळूआबा म्हणायचं. तोंडावर फक्त आबा.

आमचं गाव पवना धरणाच्या काठावर. काठाला तंबू लागायला लागले तशी मी पाहुण्यांना जेवण करून घालायला लागले. भाकरी, भात, मासा. मासा आबांच्या होडीतला. आणि मी कशी, हे तुम्हाला चार ओळींत कळलंच असेल. मला गप्प बसवत नाही. काठावर उभी राहून मी नुसतं "आबा, आज काय घावलं?" विचारलं तरी ते होडीतूनच पंजा दाबायचे. काठाला आल्यावर म्हणायचे, "सुमे, तू तोंड उघडलंस की कटला पार पल्याडच्या गावाला जातो. तितली मानसं तुला लय दुवा देत असतील."

त्यांची बायको पारूमावशी. तिचा आवाज म्हणजे देवळातली घंटा. ती चुलीपाशी बोलली की आम्हाला आळीच्या टोकाला कळायचं आज त्यांच्याकडे काय कालवण आहे. ती म्हणायची, "पन्नास वरसं या मानसासंगं काढली, अजून त्येचं एक वाक्य मला नीट ऐकू आल्यालं न्हाई." आबा शेजारी बसून माझ्याकडे बघत कुजबुजायचे, "म्हनून तर टिकली."

तर अशा या आबांचा उजवा खांदा गेला. वल्हं मारून मारून झिजला म्हणा. एकदा भर दुपारी होडी मधोमध असताना हात वरच होईना. दोन तास ते तसेच वाऱ्यावर तरंगत राहिले. हाक मारायची, तर हाक मारायची सवय नाही! शेवटी होडी आपोआप काठाला लागली ती भलत्याच गावाच्या. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वल्हं बंद म्हणजे बंद. त्यांचा मुलगा सुनील आंबीच्या कंपनीत आहे. शहाणा, पण बापापायी घाबरलेला. त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आबा, दिवाळीपर्यंत होडी विकायची. पुन्हा एकदा असं झालं तर आमी कुटं शोधायचं तुमाला?"

आबा कुजबुजलेसुद्धा नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. होडी गेली तर हा माणूस काठावर बसून कुणाला गप्प करणार?

पुढं काय झालं, तर एका रविवारी आबा धापा टाकत माझ्या चुलीपाशी आले. म्हणाले, "सुमे, एका सायबाला माशानं ओढत न्हेलं." मी म्हटलं, झालं, खांद्याचं औषध डोक्यात गेलं. पण ते खरंच बघून आले होते. पुण्याचा कुणी हौशी गृहस्थ गळ टाकून होडीत बसलेला, हातात वल्हं नाही, इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, आणि होडी आपली सरळ चाललेली. आबांनी तासभर त्याच्या गळाच्या दोरीवर नजर ठेवली. एवढी होडी ओढणारा मासा केवढा असेल, या विचारानं त्यांना घाम फुटला. साहेब काठाला आल्यावर कळलं, होडीच्या मागच्या फळीला बॅटरीवर चालणारी मोटर लटकवलेली. खाली दांडा, दांड्याला पंखा, पंखा पाण्यात. आबांनी तिला हात लावून बघितलं आणि मला येऊन म्हणाले, "माज्याहून हळू बोलती गं."

झालं. आबांचं चक्र सुरू झालं. साहेबांनी सांगितलं होतं की दांडा होडीच्या मापानं घ्यावा लागतो. मागची फळी पाण्यापासून किती उंच आहे ते मोजून न्या. आबांनी बांबूची एक काठी घेतली आणि मला म्हणाले, "चल, होडीत मागं बस."

"मी कशाला?"

"होडीत कुनीतरी बसल्याबिगर माप कसं घेणार? रिकामी होडी वर ऱ्हाती."

"मग तुम्ही बसा की. होडी तुमची."

"मी बसलो तर मोजंल कोन? तुला इंच कळत्यात व्हय?"

इंच मला कळतात. बिस्किटाच्या पुड्यांवरनं इंग्रजी अक्षरं शिकलेली बाई आहे मी. पण त्यांच्यापुढे वाद घालणं म्हणजे आपला आवाज आपणच ऐकणं. बसले. आता मी काय हलकी नाही. होडीचं मागचं टोक असं खाली गेलं की पारूमावशी काठावरून ओरडली, "अगं बया, बुडाली!" आबा गुडघाभर पाण्यात उभे, काठीचं खालचं टोक पाण्याला टेकवून ती फळीला उभी लावलेली. कोयत्यानं खाच पाडली आणि अंगठा त्या काठीवर असा दाबून धरला की जणू खाच पळून जाणार होती.

मोटर घ्यायला पुण्याच्या दुकानात मला बरोबर नेलं, कारण खोक्यावरचं इंग्रजी वाचायला कुणीतरी हवं. कामशेतहून लोकलनं निघालो. आबांच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात दुधाची किटली. शेजारच्या बाईनं विचारलं, "दूध म्हशीचं का गाईचं?" आबा हळूच म्हणाले, "मरळीचं." बाईला ऐकू आलं नाही. बरं झालं. किटलीत पाणी होतं आणि पाण्यात जिवंत मरळ. मरळ चिवट असते, थोड्या पाण्यात दिवसभर तग धरते. पण दुकानात मासा कशाला, हे मला विचारायचा धीर झाला नाही. हो, मलासुद्धा.

दुकानदार भला माणूस. त्यानं तीन मोटरी दाखवल्या: तीस पौंड जोराची, पंचेचाळीसची आणि पंचावन्नची. तो जोर समजावून सांगायला लागला तर आबांनी पंजा दाबला. "जोर ऱ्हाऊ द्या. आवाज किती त्ये सांगा." दुकानदार म्हणाला, आवाज जवळजवळ नाहीच. आबा म्हणाले, "तुमाला न्हाई. हिला इचारू." आणि किटलीचं झाकण उघडलं.

दुकानामागे मोटर चालवून दाखवायला पाण्याचं मोठं पिंप होतं. आबांनी किटली त्या पिंपात तरंगत सोडली, आत मरळ, आणि स्वतः पिंपाला कान लावून बसले. पंचावन्नची सुरू केली. मरळीनं किटलीतून जी उडी मारली ती थेट गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत. दोन नोकर किंचाळले. दुकानदार खोक्यांवर चढला. आबा गुडघ्यांवर बसून सगळ्यांना सांगतायत, "हळू, हळू, घाबरंल ती!" पंचेचाळीसला मरळ किटलीतच गरगर फिरली. तीसला ती तळाशी गप्प पडून राहिली, कल्ले तेवढे हलत होते. आबा उठले. "ही द्या."

"आजोबा," दुकानदार खाली उतरत म्हणाला, "धरणावर वारा सुटतो. तीसचा जोर कमी पडेल. पंचेचाळीसची घ्या."

"वाऱ्याचं मी बगतो. माशाचं कोन बगनार?"

बॅटरीवरून तसंच. आबा म्हणत होते, सुनीलच्या ट्रॅक्टरची काढून लावू. दुकानदारानं समजावलं, ट्रॅक्टरची बॅटरी एकदम दणका देऊन गाडी सुरू करण्यापुरती. इथे तासन्‌तास हळूहळू वीज देणारी वेगळी बॅटरी लागते. हळूहळू म्हटल्यावर आबांचा चेहरा खुलला. ती लगेच घेतली. मग दांडा. तीस इंचीही होता आणि छत्तीस इंचीही. आबांनी काठी पुढे केली, अंगठा वरच्या बाजूला तसाच घट्ट. दुकानदारानं खाचेपाशी टेप लावली, गणित केलं आणि म्हणाला, तीस इंची पुरेल. मी खोक्यावरचं वाचून म्हटलं, "बरोबर आहे." एवढं वाचता आलं याचाच मला आनंद.

सुनीलला कळलं तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला. मग त्यानं अट घातली. समोर पाण्यात झाडाचं एक वाळकं खोड उभं आहे, तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं. वल्ह्याला हात लागला की होडी विकायची. आबा म्हणाले, "व्हय."

रविवारी निम्मं गाव काठावर. आबा एकटे मागे बसले, मोटर सुरू केली, आणि काय सांगू, नुसता गुडगुड, फसफस, बुडबुड आवाज! पंखा पाण्यात पुरता बुडतच नव्हता, वरच्या वर हवा घुसळत होता. दांडा खाली सोडता येईल तेवढा सोडलेला, तरी कमी पडला. सुनील काठावरून ओरडला, "आबा, भजी तळताय का?" लोक हसले. मला एकदम उमगलं. माप माझ्या वजनावर घेतलेलं! मी बसले की फळी खाली जाते. आबा म्हणजे चिपाड, त्यांच्या वजनानं होडीला पत्तासुद्धा लागत नाही. आणि दुकानात मीच बरोबर म्हणाले होते.

आबांनी होडी फिरवली, काठाला आणली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सुमे, बस."

"मला पोहता येत नाही!"

"होडीला येतंय."

तंबूवाल्यांचं नारिंगी जाकीट चढवून मी मागे बसले. मोटरीची मूठ माझ्या हातात, आबा पुढे. पंखा बुडाला आणि आवाज गेला. एकदम गेला. खोडापर्यंत आम्ही असे गेलो की पाण्याला कळलं नाही. परतताना मात्र तुंग किल्ल्याच्या बाजूनं वारा सुटला, समोरून. होडी जागची हलेना. दुकानदाराचं पंचेचाळीस आठवलं. वल्हं माझ्या पायाशीच होतं. माझा हात गेला तिकडे.

"हात लावशील तर जल्मात मासा द्यायचो न्हाई," आबा मागे न बघता म्हणाले. "डोंगराच्या कडंकडंनं घे. तितं वारा लागत न्हाई."

कडेकडेनं घेतली. सगळा वळसा घालून, रवंथ करणाऱ्या म्हशीच्या चालीनं. दीड तास लागला. त्या दीड तासात मी एकदाच तोंड उघडलं आणि ते पुन्हा मिटलं. काठाला लागलो तेव्हा निम्मे लोक जेवायला गेलेले. सुनील मात्र उन्हात तसाच उभा. त्यानं होडीची दोरी धरली, वल्हं कोरडं आहे का ते हातानं चाचपून बघितलं आणि म्हणाला, "ठीकाय. पर एकट्यानं जायचं न्हाई. ह्या मावशी संगं असतील तरच." त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"आता तिच्याबिगर चालतीय कुटं?" आबा म्हणाले. दांडा बदलून आणू असं मी नंतर दोनदा सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. कुजबुजणाऱ्या माणसाला एवढं सोयीचं बहिरेपण शोभत नव्हतं.

मग दोन वर्षं, सकाळी भाकऱ्या थापण्याआधी मी मागे बसायची, ते पुढे डाव्या हातानं जाळं ओढायचे. मी, दोन दोन तास गप्प! सुरुवातीला जीभ खाजायची. मग ऐकू यायला लागलं. चिलापी उथळ पाण्यात शेपटी मारते तो आवाज वेगळा, कटला वळतो तो वेगळा. आबा न बोलता बोट दाखवायचे, मी मूठ वळवायची. पारूमावशी म्हणायची, "माज्या नवऱ्यानं मला गप करायला पन्नास वरसं घालवली, हिला एका मोटरीनं केलं."

आबा गेले ते घरीच, खाटेवर. पारूमावशीनं हंबरडा फोडला तेव्हा सुनीलचा हात आपसूक जमिनीकडे दाबला गेला. त्याच्याच लक्षात आलं आणि तो ढसाढसा रडला. तेराव्यानंतर तो माझ्याकडे मोटर, बॅटरी आणि ती बांबूची काठी घेऊन आला. "आबांनी तुमाला द्यायला सांगितलंय. म्हनले, तिच्या मापाची हाय."

मी काठी हातात घेतली. आजवर ती आबांच्या अंगठ्याखालीच बघितलेली. एक खाच माझी, कोयत्याची. आणि तिच्या वर चार बोटांवर दुसरी, बारीक, चाकूनं नीट कोरलेली, जुनी. मला बसवायच्या आधीच आबांनी आपल्या वजनाचं माप घेतलं होतं. होडीत आपल्या वजनाचे दगड ठेवून घेतलं असेल. छत्तीस इंची दांडा हवा हे त्यांना दुकानात जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

खांदा अडकून दोन तास एकट्यानं तरंगलेला माणूस. 'मला आता एकट्यानं जायला भीती वाटते' एवढं वाक्य त्यांना कुजबुजूनही म्हणता आलं नसतं.

आता सकाळी मी एकटीच जाते. फळी बरोब्बर बसते, पंखा बरोब्बर बुडतो. परवा त्या वाळक्या खोडापाशी मोटर बंद केली आणि आबांना चांगलं सुनावलं. लबाड म्हटलं, चोर म्हटलं, तोंडाला येईल ते म्हटलं.

हळूच म्हटलं. खाली ऐकतात.