इनाची अकरा पोती

१९४४ च्या सप्टेंबरात ग्लेनगॅरीतल्या शाळेत कांद्याच्या जाळीदार पोत्यांचा गठ्ठा येऊन पडला. रानातल्या दुधाळ रुईची बोंडं त्यांत भरून द्यायची होती. बोंडातल्या म्हातारीचा कापूस पाण्यावर तरंगतो. दोन पोत्यांत एका खलाशाचं, पाण्यात बुडू न देणारं जाकीट भरतं, असं डिलेनीबाईंनी सांगितलं. इना मॅकगिलिस तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिचा थोरला भाऊ लॉर्न महायुद्धात अटलांटिकवर जहाजांच्या राखणीला होता. तिने लगेच पोतं उचललं आणि निघाली.

बोंड कोवळं तोडलं तर कापूस ओला निघतो, उशीर केला तर वाऱ्यावर उडून जातो. इना प्रत्येक ताटव्यातलं एक बोंड फोडून बघायची. आत बी तपकिरी दिसलं, तरच बाकीच्यांना हात लावायची. सकाळी धारा काढल्यावर आणि शाळा सुटल्यावर, असं तीन आठवडे तिने केलं. चिकाने बोटं काळी पडली. कुंपणावर सोळा पोती लटकली.

"आठ माणसं," ती आईला म्हणाली.

एका शनिवारी आईबाबा गिरणीवर गेले असताना आभाळ भरून आलं. पोती पावसातही कुंपणावरच राहू द्या, वारा त्यांना वाळवतो, असं बाईंनी बजावलं होतं. पण बाई शहरातल्या. वाळत घातलेलं पावसाआधी छपराखाली न्यायचं, हे शेतकऱ्याच्या पोरीला कोणी शिकवावं लागत नाही. इनाने सोळाही पोती ओढत कोठारात नेली, गवतावर घट्ट रचली, वर ताडपत्री टाकली आणि स्वतःवर खूश झाली.

पाऊस तीन दिवस लागला. बुधवारी तिने पोत्यात हात घातला, तर आत ऊब. ओलं गवत तापतं, तशी. मधल्या बोंडांवर बुरशी चढली होती.

शेजारच्या शेतावरचा डूगलकाका तेवढ्यात आला. त्याने पोत्यांवरून नजर फिरवली. "वरून तर झकास दिसतायत. खराब ती मधे सरकव. पोतं उलटं करून बघायला कोण बसलंय?"

"जाकीट घालून पाण्यात पडेल त्याला कळेल, काका."

"बापरे! आजीवर गेली आहेस अगदी," असं म्हणून काका आपल्या कामाला लागला.

इनाने प्रत्येक पोतं कोठाराच्या फरशीवर ओतलं आणि प्रत्येक बोंड हातात घेऊन पाहिलं. शंका आली की टाकून दिलं. तीन दिवस लागले, नऊ पोती उरली. ती पुन्हा कुंपणावर गेली. पुढे चीजच्या कारखान्यात तिने चौतीस वर्षं माल तपासला. लॉर्न सुखरूप घरी आला, त्यालाही तिने हे एकदाच सांगितलं: तपासणं मी त्या तीन दिवसांत शिकले.

पोती नेणारा ट्रक यायला तेव्हा आठवडा होता. शेतातली बोंडं तोवर फुटून गेली होती. रेल्वेच्या भरावाच्या सावलीतल्या बाजूला मात्र उशिरा पिकलेली थोडी होती. दहिवरात बोटं बधिर करून इनाने आणखी दोन पोती भरली.

शाळेच्या आवारात डूगलकाकाचा यूअन सात पोती घेऊन उभा होता. "काय गं, सोळा ना? पाच काय गाईंना घातलीस?"

"सात कुजवली. दोन नवी भरली."

ट्रकवरचा माणूस कोपरापर्यंत हात घालून प्रत्येक पोतं चाचपत होता. इतर मुलांची काही त्याने बाजूला काढली. इनाची अकराही पास झाली.

"ही कोणी वाळवली?"

"मी," इना सगळ्यांसमोर म्हणाली. "आधी सोळा होती. बाईंचं ऐकलं नाही, कोठारात रचली. सात गेली, दोन नव्याने भरली."

डिलेनीबाईंनी मान हलवली, पण रागावल्या नाहीत.

"अकरा," तो माणूस म्हणाला. "पाच जाकिटं, आणि एक पोतं सुटं."

यूअनने आपलं सातवं पोतं उचलून इनाच्या पोत्यांत टाकलं. "सहा लिहा. सहावा खलाशी आम्हा दोघांचा."

"तुझं नीट वाळलंय का?" इनाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्यात कोपरापर्यंत हात घातला.